गाण्यांचं कपाट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो, की माझ्या घरी गाण्यांच्या कुठल्याच ॲपची वर्गणी नाही, तरी सकाळपासून काही ना काही वाजत असतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी स्पीकरचा विषय बाजूला ठेवला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो : १९८६ ते २००४ मी नाशिकला रविवार कारंज्याजवळ कॅसेटचं दुकान चालवलं. संगणक मला भाच्याने शिकवला, तोही पन्नाशीनंतर. त्यामुळे उत्तरं दुकानदाराच्या तोंडूनच येणार.

आमच्या घरात चौघांची मिळून एक वर्गणी आहे. गेल्या महिन्यात पहाटेच्या अभंगांची माझी यादी उघडली, तर अकरा गाणी करडी झालेली. दाबलं तरी वाजेनात. ती गेली कुठे? आणि स्वतःजवळ ठेवायची तर सुरुवात कुठून करू? वय ५८, संगणक जेमतेम येतो.
*एक वाचक, गंगापूर रोड*

ताई, गाणी आहेत तिथेच आहेत, करार संपला असणार. ॲपवाला गाण्यांचा मालक नसतो. तो कंपन्यांकडून ती मुदतीवर घेतो, आणि मुदत संपताना पैशांचं जुळलं नाही तर गाणी खाली उतरतात. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचं फिसकटलं, तेव्हा शेकडो गाणी अशीच दिसेनाशी झाली. कधी दुकानच उठतं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गुंडाळलं गेलं, विंक बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं.

आता उलट उदाहरण ऐका. २०१२ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाचं गाणी विकायचं दुकान काढलं आणि दीड वर्षाच्या आतच, २०१३ मध्ये, बंद केलं. तिथून मी एकोणीस गाणी घेतली होती. दुकान जाऊन दहा वर्षं उलटली, ती एकोणीस आजही वाजतात, कारण त्या साध्या एमपी-३ फायली होत्या आणि मी त्या उतरवून ठेवल्या होत्या. सगळा फरक एवढाच आहे.

सुरुवात वहीपासून करा. संगणक नंतर. वर्गणीही आज बंद करू नका, चालू द्या. पुढचे दोन महिने जे गाणं मुद्दाम लावाल, आपोआप आलेलं नव्हे, तेवढंच वहीत लिहा. गाणं, गायक, संगीतकार. ॲपमध्ये कोट्यवधी गाणी असतात म्हणे. माझी वही दुसऱ्या महिन्यात एकशे सत्तरवर अडखळली. आज सगळा संग्रह २,१४० गाण्यांचा आहे आणि त्यातली निम्मी मी वर्षानुवर्षं ऐकत नाही. समुद्र घरात आणायला निघालात तर पहिल्या आठवड्यात कंटाळून सोडून द्याल.

वही झाली की घर धुंडाळा. पलंगाखालच्या पेटीत, टीव्हीच्या कपाटात सीडी निघतातच. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह महात्मा गांधी रोडवर दीड-दोन हजारांत मिळतो. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचा प्रोग्राम विंडोजवर चालतो. ओरखडे पडलेली सीडी तो पुन्हा पुन्हा वाचून बघतो, म्हणून वेळ खातो. खाऊ द्या. कॉपी करताना ‘फ्लॅक’ हा फाईलचा प्रकार निवडा. त्यात सीडीवरचं काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. पाच मिनिटांची दोन हजार गाणी फ्लॅकमध्ये साधारण ६० जीबी होतात, ३२० च्या एमपी-३ मध्ये २४. जुन्या मोबाइलमधल्या १२८ जीबीच्या कार्डात सगळं मावतं.

एक फसगत होते ती सांगतो. ‘१५० अमर गीते’ अशा नावाच्या सीडी एके काळी खूप खपल्या, मीही विकल्या. त्यांच्यावर एमपी-३ फायलीच असतात. त्या नुसत्या कॉपी करायच्या. त्यांचं फ्लॅक करून आवाज सुधारत नाही, ताकाचं परत दूध होत नसतं.

जे घरात नाही ते विकत घ्या. ॲपलचं आयट्यून्स दुकान भारतात डिसेंबर २०१२ पासून आहे आणि तिथे विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप नसतं. मात्र त्याच कंपनीची ‘ॲपल म्युझिक’ ही वर्गणी वेगळी. तिच्यातून उतरवलेलं गाणं वर्गणीबरोबर जातं. स्वतंत्रपणे गाणारी-वाजवणारी तरुण मंडळी बँडकॅम्पवर सापडतात, तिथे फ्लॅकच मिळतं. आणि बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या पथाऱ्यांवर वाकून बघायला लाजू नका. मला तिथे न उघडलेला नाट्यसंगीताचा संच वीस रुपयांत मिळाला आहे. विकणाऱ्याला तो कसला आहे हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही, हे मात्र खरं.

रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. कसारा घाटात नेटवर्क जातं म्हणून गाणी ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवतो. मग वेगळा संग्रह कशाला?
*एक वाचक, नाशिकरोड*

ते डाउनलोड फक्त त्या ॲपलाच कळतं. दुसऱ्या कशावर वाजत नाही, आणि स्पॉटिफायसारख्या ॲपला तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं. वर्गणी थांबली की डबा रिकामा. तुमची गरज घाटापुरती असेल तर आहे तेच ठीक आहे, उगाच खटाटोप करू नका.

वडील गेले. त्यांच्या १४० कॅसेट निघाल्या. बऱ्याच विकतच्या, पण तीसेक त्यांनी स्वतः भरलेल्या : भजनी मंडळ, एक कीर्तन, आमच्या मुंजी. एका दुकानाने सगळ्या ‘डिजिटल’ करून देतो म्हणून पंधरा हजार सांगितले. ऑनलाइन यूएसबीचा कॅसेट प्लेयर दोन हजारांत दिसतोय. काय करू?
*एक वाचक, देवळाली कॅम्प*

दादा, दोन्ही नको. आधी ढीग दोन करा. विकतच्या कॅसेट एका बाजूला. त्यातलं बहुतेक सगळं सीडीवर किंवा विकत मिळतं आणि ते तुमच्या कॅसेटपेक्षा चांगलंच असेल. त्यांच्यामागे तास घालवू नका. तास म्हणजे खरोखरचे तास, कारण साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. तीस कॅसेट म्हणजे रोज रात्री जेवणानंतर एक, महिनाभराचं काम. तेवढं घरच्या घरी होतं.

यूएसबीच्या त्या प्लेयरचं यंत्र इतकं हलकं असतं की फीत एका वेगाने सरकतच नाही, आवाज डोलतो. नातेवाइकांत विचारा. कुणाच्या तरी माळ्यावर जुना डेक किंवा टू-इन-वन पडलेला असतोच. त्याचा रबरी पट्टा ताणलेला असणार, तो बदलून घ्या. मग कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसा. रबरी चाकही पुसा, ते वर्षानुवर्षांच्या फितीच्या धुळीने तपकिरी झालेलं असतं. बोळा पांढरा निघेपर्यंत थांबू नका.

आता कॅसेट. उजेडात धरून खिडकीतून फितीच्या कडा बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती धरतेच. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला जाते. ती शेवटी, वेगळ्या प्लेयरवर घ्या. फितीमागे तांब्याच्या पट्टीवर लोकरीचा बारका तुकडा असतो, तो गळला असेल तर आवाज दबका येतो. निकामी कॅसेटमधला काढून चिकटवता येतो. मागच्या कडेची प्लास्टिकची दोन दातं मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. आणि वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वीस वर्षं एकाच जागी बसलेली फीत थर-थर चिकटलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणीच करत नाही ते म्हणजे हेडचा कल. हेडच्या एका बाजूला छोटा स्क्रू असतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं हेड आणि तुमचं हेड यांचा कल केसभर वेगळा असला तरी वरचे स्वर मरतात, टाळांचा आवाज पोत्याखालून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू अगदी अलगद, आधी एकीकडे, मग दुसरीकडे फिरवा. एका जागी टाळ एकदम उघडतात. तुमच्या भजनी मंडळात टाळ आहेत हे नशीबच, कीर्तनाच्या कॅसेटला ही जागा शोधायला दुप्पट वेळ लागतो. दुकानात माझा पोऱ्या हे कानाने अर्ध्या मिनिटात करायचा.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडा, माइकच्या भोकात नव्हे. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर त्यासाठी छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. संगणकावर ‘ऑडॅसिटी’, फुकट आहे. आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या जागीही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. संगणकात आवाज फाटला की तो फाटलेलाच राहतो. खरखर काढायचं बटण बघून हात शिवशिवतील. आधी जसंच्या तसं फ्लॅकमध्ये जपून ठेवा, मग कॉपीवर काय हवं ते करा. खरखरीबरोबर श्वासही जातो, आणि तुम्हाला वडिलांचा आवाज हवा आहे.

माझ्याकडे हजारेक गाणी आहेत, पण नावं ‘ट्रॅक ०१’, ‘न्यू फोल्डर’ अशी. एकाच गायिकेची पाच स्पेलिंगं. गाडीत मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. हे सगळं आपोआप नीट करणारं काही आहे का?
*एक वाचक, अंबड*

आहे आणि नाही. ‘पिकार्ड’ नावाचा प्रोग्राम गाणं ओळखून नाव लावतो. हिंदी चित्रपटगीतांत बरंच जमतं, मराठी भावगीतांत त्याची माहिती तोकडी पडते. मग ‘एमपी-थ्री-टॅग’ घेऊन हाताने. हेच खरं काम आहे मित्रा, बाकी सगळी खरेदी.

क्रमांक का लागतात ते सांगतो. गीतरामायण मी पहिल्यांदा संगणकात भरलं तेव्हा क्रमांक टाकले नाहीत. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेली ती ५६ गीतं, गदिमांनी कथेच्या ओळीने लिहिलेली. संगणकाने ती अक्षरांच्या ओळीने लावली. त्यामुळे ‘गा बाळांनो, श्री रामायण’ हे शेवटचं गीत बरंच वर आलं आणि ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ हे पहिलं जवळजवळ तळाशी गेलं. मधल्या मध्ये वनवास कधी आणि जन्म कधी याचा मेळ नाही. आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. तेव्हापासून माझ्याकडे क्रमांकाशिवाय फाईल आत येत नाही.

दुसरी अडचण त्याच संचाची. आकाशवाणीवर ती गीतं अनेकांनी गायली, पुढे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, सगळी एकट्याने गायली. दोन्ही ‘गीतरामायण’ या एकाच नावाखाली ठेवलीत तर प्लेयर ती मिसळून टाकतो. म्हणून संचाच्या नावातच ‘आकाशवाणी’ किंवा ‘बाबूजी’ लिहा. एकट्या गाण्याचा गायक आणि अख्ख्या संचाचा गायक असे दोन रकाने असतात, दोन्ही भरा.

गाडीतल्या चौकोनांवर उपाय : फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, क्रमांकासह, आणि आतली माहिती देवनागरीत. गाडीच्या प्लेयरमध्ये देवनागरीचा फाँट नसेल तर तिथे फोल्डरच्या नावाने शोधा. गायिकेचं नाव वहीत एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे चिकटवा, वेलांटीसकट.

ॲपवाले आपल्याकडच्या गाण्यावर एक अन्याय करतात. गायक ठळक, संगीतकार बारीक आणि गीतकाराचा पत्ता नाही. आपण गाणं शोधतो ते ‘खळ्यांचं’, ‘पाडगावकरांचं’ म्हणून. तुमच्या संग्रहात हे तिन्ही रकाने भरा. शास्त्रीय असेल तर रागाचं नाव शीर्षकातच. शेरा म्हणून एक रकाना असतो, त्यात मी गाणं कुठून आलं ते लिहितो : ‘बुधवार बाजार’, ‘मेहुणीची सीडी’, ‘फ्लाइट’. रोज पंधरा गाणी केलीत तर हजार गाण्यांना दोन-सव्वादोन महिने. एका दिवसात उरकायला जाल तर पाचाची सहा स्पेलिंगं होतील.

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर नॅव्हिड्रोम (आपला संग्रह फोनवर ऐकवणारा प्रोग्राम) टाकलं आहे, घरात मस्त चालतं. ऑफिसातून ऐकण्यासाठी राउटरचं पोर्ट उघडू का?
*एक वाचक, इंदिरानगर*

नको. हे उत्तर भाच्याचं, मी फक्त लेखनिक. उघडं पोर्ट म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री सताड ठेवणं. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे उघडूनही काही आत येत नाही. ‘टेलस्केल’ टाक, फोन आणि रास्पबेरी पाय दोन्हींवर; तो आपलीच यंत्रं खासगी वाटेने जोडतो. वीज जाते त्या दिवसासाठी फोनमध्ये दोनशे गाणी तशीच ठेव. माझं स्वतःचं सगळं कार्डावरच आहे, पण तुम्हा मुलांना त्यात मजा येत नाही.

सगळा संग्रह एका हार्डडिस्कवर आहे. पुरे ना?
*एक वाचक, पंचवटी*

पुरे नाही. २०११ च्या दिवाळीच्या साफसफाईत माझी डिस्क फडताळावरून फरशीवर पडली. चारशेच्या वर गाणी गेली, त्यांचं दुःख नाही, ती परत जमली. आईच्या जात्यावरच्या ओव्यांचं बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यात होतं. मूळ कॅसेट? ती मी ओव्या संगणकात आल्या म्हणून पुसून पुन्हा वापरली होती. दुकानदाराची सवय, कोरी कॅसेट म्हणजे पैसे. कुणीतरी पाठवलेल्या नाटकातल्या गाण्यांनी ती भरली. ती कॅसेट अजून आहे.

तीन प्रती ठेवा. एक वापरातली, एक कपाटात, एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी बहिणीकडे संगमनेरला असते, पाडव्याला आणि दिवाळीला अदलाबदल होते. अदलाबदल करताना प्रत उघडून तपासतो. फ्लॅक फाईलमध्ये आवाजाची पडताळणीची खूण आतच असते. ‘फूबार’ नावाच्या गाणी वाजवायच्या प्रोग्रामला तपासणीचा भाग जोडला की रात्रभरात सगळ्या फायली तपासून खराब कोणती ते कळतं. ज्या प्रतीला वर्षभर हात लावला नाही ती आहे असं धरून चालू नका.

महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत जगातलं सगळं संगीत मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? आणि माफ करा, तुम्हीच ना दुकानात लोकांना गाणी भरून द्यायचात? तुम्ही कुणाला कायदा शिकवणार?
*एक वाचक, कॉलेज रोड*

माफी कसली, बरोबर बोललात. लोक पाठकोऱ्या कागदावर यादी आणायचे, मी कोऱ्या कॅसेटसकट पंचवीस रुपयांत भरून द्यायचो. एका बाजूला तीस मिनिटं, सहा-सात गाणी, आणि हिशेब चुकला की शेवटचं गाणं अंतऱ्यात कापलं जायचं. एक गृहस्थ त्यासाठी तीन दिवस भांडायला येत होते. तेव्हा आम्हाला कुणी हटकलं नाही, म्हणून ते योग्य होतं असं मी म्हणत नाही. त्या पंचविसांतला एक पैसाही गाणाऱ्याला गेला नाही. आता मी विकत घेतो, यूट्यूबवरून ओरबाडत नाही. एक तर त्यांच्या अटींत ते बसत नाही, दुसरं म्हणजे तिथला आवाज आधीच पिळलेला असतो. स्वतःच्या सीडीची स्वतःच्या घरी ऐकायला प्रत काढणं निराळं. आपल्या कायद्यात खासगी वापराला सवलत आहे, पण ती प्रत भावजयीला देऊ नका.

हिशेबाने पाहिलं तर वर्गणीच स्वस्त आहे. पहिल्या वर्षी ड्राइव्ह, डिस्क आणि गाणी मिळून माझे नऊ हजारांवर गेले. नवीन काय आलंय ते बघायला मी नातीचं ॲप वापरतो. खानावळ बंद करा असं माझं म्हणणं नाही, पण घरात चूल नसलेल्या माणसाला खानावळीच्या सुट्टीचे वार पाठ करावे लागतात.

आणि फुकट, राजरोस मिळणारंही पुष्कळ आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. १९६० मध्ये निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. द. वि. पलुसकर आपल्या नाशिकचे, १९२१ चा जन्म, १९५५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या सगळ्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर आता तो हक्क उरलेला नाही. त्यांच्या वडिलांनी, पं. विष्णु दिगंबरांनी, आयुष्याची अखेरची वर्षं पंचवटीत आश्रम काढून रामनामात घालवली. तुम्ही कॉलेज रोडला राहता, तिथून आश्रम फार लांब नाही. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर जुन्या ७८ च्या तबकड्या उतरवून ठेवलेल्या आहेत, पलुसकरांपासून सुरुवात करा. तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग उभा करणारा माणूस. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा मोजतात, कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तुलसीदासांच्या भजनाला ती चिंता नाही.

*पुढच्या अंकात स्पीकर, नक्की. आणि कृपा करून कॅसेट पोस्टाने पाठवू नका, माझ्याकडे आता एकच चालू डेक आहे. गेल्या महिन्यात दोन आल्या. एकीवर पाठवणाऱ्याचं नावच नाही. निळी कॅसेट, साठ मिनिटांची, लेबल फाटलेलं. आत एक मुलगी पाढे म्हणते आहे, सतराच्या पाढ्यात ‘सतरा साते’ला अडते आणि मागून एक बाई हसते. ज्यांची असेल त्यांनी बाईचं हसणं कसं आहे ते सांगून घेऊन जावी.*